उराताना

यंत्राला हात घालायच्या आधी ते उजव्या हाताचा मोजा काढायचे आणि हाताची पालथी बाजू लोखंडाला टेकवायचे. आपल्याकडे लेकराचं अंग तापलंय का बघतात ना, तसंच. क्षणभर थांबायचे, मोजा परत चढवायचे आणि म्हणायचे, "आधी गार हू दे." बाहेर कमरेएवढा बर्फ पडलेला, आपले दात वाजताहेत, आणि हा माणूस लोखंड अजून गार व्हायची वाट बघतोय. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही माझ्यासारखेच वैतागला असतात.

मी राहते निशी-कसाईला, म्हणजे तोक्योच्या त्या भागात जिथे स्टेशनजवळ कढीपत्ता मिळतो आणि बागेतल्या बाकावर बसलं की मराठीतली नवरा-बायकोची भांडणं फुकटात ऐकायला मिळतात. पुण्याहून आयटीच्या कामाला आले आणि इथलीच झाले. आमच्या कंपनीला निइगाताच्या डोंगरातल्या एका छोट्या कारखान्याचं काम मिळालं. ते लोक बर्फ फेकायची यंत्रं बनवतात, माणसाने मागे उभं राहून चालवायची. पुढे मळसूत्रासारखं फिरणारं पातं असतं, ते बर्फ आत ओढतं. वर एक वाकडी मान असते, तिच्यातून तो बर्फ लांब फेकला जातो. त्यांना यंत्रावर आता एक छोटा स्क्रीन हवा होता आणि मान तुंबली की ओळखणारा सेन्सर. प्रोग्रॅम माझ्याकडे आला. ओला बर्फ काही निशी-कसाईत ऑर्डर करून मिळत नाही, म्हणून चार हिवाळे मी तिथे जात-येत राहिले.

त्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी कळते. बर्फाचा त्रास नसतो, चिकटणाऱ्या बर्फाचा असतो. कोरडा बर्फ पिठासारखा उडून जातो. ओला बर्फ मात्र पत्र्याला धरतो, थरावर थर बसतो आणि मान गच्च होते. कारखान्यामागे एक शेड होती. बर्फ कशाला चिकटतो आणि कशाला नाही हे बघणं, एवढंच तिथल्या एका माणसाचं काम होतं. डोक्यावर कानटोपी, तोंडाला मास्क, छातीवरच्या बिल्ल्यावर चांगलं खानदानी जपानी आडनाव. काही अडलं तर त्यांना विचारा, असं शाचोंनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी सांगितलं.

पहिल्याच सकाळी मी शहाणपणा केला. शेडच्या दारातला बर्फ काढायला मला एक ॲल्युमिनियमचं फावडं दिलं होतं. ते बर्फासारखं गार लागत होतं, म्हणून मी ते रॉकेलच्या शेगडीजवळ दहा मिनिटं ठेवलं. छान कोमट झालं. बाहेर नेऊन पहिला घाव घातला आणि बर्फ जो चिकटला तो निघेना. दुसऱ्या घावाला फावडं दुप्पट जड. तिसऱ्याला मी फावडं आपटायला लागले. मागून कोणीतरी जपानीत म्हणालं, ते आधी थंड होऊ द्या.

"गार काय होऊ दे," मी मराठीत पुटपुटले, "इथे माझंच लाकूड झालंय."

"मग तू शेगडीपाशी बस आन् फावडं भायेर ठेव," तो माणूस म्हणाला.

मी वळून बघितलं. मास्क खाली आला होता आणि पांढऱ्या मिशांखाली हसू होतं. इचलकरंजीचा माणूस. तिथल्या एका मशीनशॉपमधून उमेदवारीला म्हणून जपानला आला, तो या गावातल्या मुलीशी लग्न करून राहिलेला. तिच्या माहेरी मुलगा नव्हता, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे यांनी सासरचं आडनाव लावलं. "घरजावई हाय मी," ते बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाले. "अधिकृत. शिक्क्यासकट." त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं, कारण कुठलं आडनाव छापायचं यावर घरात चर्चा झाली असती.

फावड्याचं त्यांनी मला तेव्हाच समजावलं. "तव्याच्या उलटं हाय बघ. तवा तापला न्हाई तर घावन चिकटतंय. हे तापलं तर बर्फ चिकटतोय. उबेनं तो वितळतोय, आन् खालच्या गारठ्यानं पुन्हा धरतोय. लोखंड बर्फाइतकंच गार झालं, की त्याला ते परकं वाटत न्हाई. मग तो आपला घसरून जातोय." भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असणार. पण माझ्या डोक्यात आजही घावन आहे.

कंपन्या त्यांच्याकडे नाना तऱ्हेचे लेप आणि फवारे पाठवत. ते सगळे इमानदारीने लावून बघत, वहीत टिपून ठेवत, आणि संध्याकाळी स्वतःच्या घरच्या फावड्याला मेणबत्ती घासत. या मेणबत्त्या गावातल्या देवळातून यायच्या. तिथे जळून उरलेली थोटकं पुजारी डब्यात साठवून ठेवायचा आणि काका महिन्यातून एकदा डबा घेऊन यायचे. मी विचारलं, एवढे महागडे लेप असताना हे कशाला? तर म्हणाले, "लेप चांगलेच हायेत. पर ते कवा उतरले ते कळत न्हाई. मेण उतरलं की हाताला कळतंय." मेण घासताना ते काही बोलत नसत. पुढून मागे, पुढून मागे, एकाच दिशेने. मी मध्येच काही विचारलं तर हात थांबायचा आणि उत्तर झालं की पुन्हा सुरू व्हायचा.

आता मागच्या फळीची गोष्ट सांगते. ती लपवण्यासारखी आहे, पण पुण्यातल्या सहा जणांना माहीत असल्याने लपणार नाही.

कारखान्यातल्या कामगारांनी हाताने लिहिलेल्या सूचना होत्या, त्यांचं इंग्रजी करून मला पुण्याच्या टीमकडे पाठवायचं होतं. त्यात जिथे-तिथे लिहिलेलं, मान तुंबली तर "उराताना" वापरा. काम संपल्यावर उराताना खुंटीला लावा. उरातानाशिवाय यंत्र बाहेर पाठवू नका. शब्दकोशात हा शब्द नाही. मग मी त्याची फोड केली. जपानीत उरा म्हणजे मागची बाजू, ताना म्हणजे फळी. मागची फळी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तसं लिहून पाठवलं. पुण्याच्या पोरांनी आज्ञाधारकपणे यंत्राच्या चित्रात मागच्या बाजूला एक सुबक फळी काढली, तिला बाण दाखवला, आणि फळी किती वजन पेलते असा प्रश्न विचारला.

ते चित्र घेऊन मी काकांकडे गेले. "काका, ही मागची फळी नक्की कुठे असते?"

त्यांनी चित्र लांब धरून बघितलं. जवळ धरून बघितलं. मग उठले, खुंटीवरून हातभर लांब लाकडी दांडा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. टोकाला चपटं पातं, कड थोडी निमुळती, मेण पाजून गुळगुळीत केलेली. तुंबलेल्या मानेतला बर्फ काढायचा तो दांडा मी रोज बघत होते.

"ही तुझी मागची फळी," ते म्हणाले.

"याला उराताना म्हणतात?"

"ते लोक म्हणतात. त्यांना ल म्हणता येत न्हाई. तू तर मराठी हायेस नव्हं? म्हण की हळूहळू."

उ-रा-ता-ना. उ-ला-ता-ना. उलथनं. मी कपाळावर हात मारला. पहिला दांडा त्यांनीच बनवला होता, स्वयंपाकघरातलं उलथनं समोर ठेवून. कामगारांनी नाव विचारलं तेव्हा त्यांनी ते सांगितलं, आणि मग दर यंत्राला एक लावायची पद्धत पडली. जपानी माणसं वर्षानुवर्षं उलथनं मागत होती, आणि सदाशिव पेठेत वाढलेली मी त्याचं मागची फळी करून मोकळी झाले होते. काका आठवडाभर मला "फळीबाई" म्हणत होते.

रविवारी ते मला घरी जेवायला न्यायचे. काकू बुटक्या, गोऱ्या, पाठीतून थोड्या वाकलेल्या. त्यांना मराठीतले पंचवीस-तीस शब्द यायचे, आणि ते सगळे काकांच्या तोंडचे, त्यामुळे जपानी आवाजात इचलकरंजी ऐकू यायची. तिथे तांदळाचं पीठ मुबलक, म्हणून भाकरी तांदळाची. थापायच्या काकू, उलटायचे काका. "आई हातानंच उलटायची," ते म्हणायचे. "मला बोटं भाजतात. म्हणून येताना उलथनं आणलं सामानात. लोक काय काय आणतात, मी ह्ये आणलं." भाकरी थापताना काकूंच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत हे मला दिसलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मी विचारलं नाही. तिकडे असं विचारत नाहीत, आणि आपल्याकडे विचारतात म्हणून मी मुद्दाम गप्प बसले.

तिसऱ्या हिवाळ्यात आमचं वाजलं.

प्रोग्रॅम तयार होता. मान तुंबली की स्क्रीनवर अक्षरं यायची, "मान तुंबली आहे. इंजिन बंद करून साफ करा." इंजिन बंद केलं की हिरवा दिवा लागायचा. सेन्सर एकदाही चुकला नव्हता. फक्त चाचणीच्या कागदावर काकांचा शिक्का हवा होता, आणि काका शिक्का मारेनात. मार्च लागला होता, शेडच्या छपरावरून पाणी गळायला लागलं होतं. बर्फ संपला की चाचणी संपली, आणि शिक्का नाही म्हणजे अख्खं वर्ष थांबायचं. तोक्योतले आमचे मॅनेजर रोज फोन करत होते. मला या कामावरून काढून दुसरं कोणीतरी बसवणार हे दिसत होतं. तीन वर्षांची मेहनत, आणि एक म्हातारा माणूस काही कारण न सांगता डबीतून शिक्का काढत नव्हता.

"काका, सेन्सर चुकतोय का?"

"न्हाई. सेन्सर बरोबर हाय."

"मग काय चुकतंय?"

"वाक्य."

"वाक्य दोन जपानी माणसांनी तपासलंय."

"जपानी बरोबरच हाय ते."

मग माझा तोल गेला. मी बरंच काही बोलले. तुम्हाला नवीन काही नकोच असतं, तुम्हाला तुमचं मेण आणि तुमचा दांडा बरा, असंही बोलले. ते ऐकून घेत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा हळूच म्हणाले, "आधी गार हू दे."

"मी काय फावडं आहे का?" मी म्हटलं आणि दार आपटून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला न विचारता शेडबाहेर यंत्र चालवत होते. ओल्या बर्फात मुद्दाम घुसवून त्यांनी मान तुंबवली. स्क्रीनवर माझं वाक्य आलं. त्यांनी इंजिन बंद केलं. हिरवा दिवा लागला.

"इंजिन बंद हाय नव्हं?"

"आहे," मी घुश्शातच म्हटलं.

पिशवीतून त्यांनी एक मुळा काढला. जपानी मुळा, मनगटाएवढा जाड. तो उलथन्याच्या टोकाला सुतळीने बांधला, लांब उभे राहिले आणि मुळ्याने मानेतला बर्फ ढोसायला लागले. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा आतला गोळा सुटला आणि खट् असा आवाज आला. आतलं पातं पाव फेरा फिरलं आणि थांबलं. दांडा बाहेर काढला तेव्हा मुळ्याचं टोक नव्हतं. दिवा हिरवाच होता.

"इंजिन बंद हाय," काका म्हणाले. "पर पातं थांबलेलं न्हाई. ते अडकलंय. चिकटलेल्या बर्फानं धरून ठेवलंय त्याला. आतला पीळ तसाच राहतोय. बर्फ काढला की ते सुटतंय. बंद येगळं, थांबलेलं येगळं, अडकलेलं येगळं. तुझ्या वाक्यात एकच शब्द हाय."

मी वाकून तो तुटका मुळा बघितला.

"तुझं वाक्य माझंच हाय," ते सुतळी सोडत म्हणाले. "शब्दाला शब्द. घरचं यंत्र मी दुरुस्त केलं, आन् हिला शिकवलं. तुंबलं तर बंद कर, मग साफ कर. ती कधी आगाऊपणा करीत न्हाई. शिकवल्याबरहुकूम बंद केलं, आन् मग हात घातला. मी खिडकीतनं बघत होतो. चूल पेटलेली, भाकरी तव्यावर. हातात उलथनं तसंच घेऊन पळालो भायेर. नंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं, ह्ये उलथनं त्या वक्ताला तिच्या हातात असतं तर."

त्यांचा आवाज मेणाबद्दल सांगताना असायचा तसाच होता. त्यांनी मुळ्याचे तुकडे बर्फातून वेचले, झटकले आणि पिशवीत टाकले. "संध्याकाळी मिसोच्या सारात घालू," म्हणाले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवून स्क्रीन पुसत बसले. तो पुसायची काही गरज नव्हती.

त्या दुपारी आम्ही दोघांनी शेगडीपाशी बसून वाक्य लिहिलं. मी शब्द सुचवायचे, ते खोडायचे. हिरवा दिवा काढून टाकला. "दिवा धीर देतोय," ते म्हणाले, "आन् धीर नगं हाय तिथं." शेवटी उरलं ते इतकंच होतं. बंद झालं तरी हात नको. उराताना घ्या. कागदपत्रांच्या विभागाने कळवलं की उराताना हा शब्द जपानीत नाही, तेव्हा दांडा लिहा. काकांचं काही म्हणणं नव्हतं. पण शाचो म्हणाले, आमच्याकडे सगळे तेच म्हणतात, गिऱ्हाईकसुद्धा तेच मागतं, तसंच ठेवा. मग पुण्याला कळवलं की फळी काढा आणि तिथे उलथनं दाखवा. उत्तर आलं, कुठलं, डोशाचं की भाकरीचं?

छपराखालचा शेवटचा बर्फ संपायच्या आदल्या दिवशी चाचणी पार पडली. काकांनी डबीतून शिक्का काढला, आणि मारायच्या आधी मोजा काढून हाताची पालथी बाजू कागदाला टेकवली.

"झाला का गार?" मी विचारलं.

"कागद झाला," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "बाकीचं तुझं तू बघ."

चौथ्या हिवाळ्यात मी यंत्रं विक्रीला जाताना बघायला गेले होते. त्या वेळी ते बरे होते, फक्त चढावर थांबत थांबत चालायचे. पुढच्या शरदात शाचोंची मेल आली. झोपेतच गेले, एवढंच लिहिलं होतं. मी ती मेल तोझाई लाइनच्या गाडीत वाचली. माझं स्टेशन निघून गेलं आणि ग्योतोकु आल्यावर मला कळलं. उतरले, आणि परतीच्या फलाटावर तीन गाड्या जाऊ दिल्या.

जानेवारीत रजा काढून काकूंना भेटायला गेले. त्यांनी मला आत बसवलं नाही. बर्फ पडून गेला होता, तो आधी काढायचा होता. घरामागच्या खोपटातून त्यांनी यंत्र बाहेर आणलं. आमचंच, नव्या स्क्रीनचं. शाचोंनी दिलेलं. मी चालू करायला पुढे झाले तर त्यांनी मला थांबवलं. उजव्या हाताचा मोजा काढला आणि उरलेल्या तीन बोटांचा पालथा हात पातं झाकणाऱ्या पत्र्याला लावला.

"आधी गार हू दे," त्या म्हणाल्या. अगदी इचलकरंजीच्या हेलात.

आम्ही दोघी उभ्या राहिलो. त्यांनी खिशातून मेणबत्तीचं थोटूक काढून मानेच्या तोंडाला आतून दोन-तीनदा घासलं, एकाच दिशेने. मग यंत्र सुरू केलं. दुपारनंतर ऊन आलं, बर्फ ओला झाला आणि फाटकापाशी मान तुंबली. काकूंनी इंजिन बंद केलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली. त्या वाकल्या, डोळे बारीक करून ती वाचली, आणि स्क्रीनलाच म्हणाल्या, "वाकात्ता, वाकात्ता." म्हणजे कळलं, कळलं.

मग माझ्याकडे वळून जपानीत म्हणाल्या, "दर वेळी सांगतो. एकदा चुकीचं सांगितलं होतं ना, म्हणून."

आणि यंत्राच्या बाजूच्या खुंटीवरचं उलथनं काढून त्या मानेतला बर्फ ढोसायला लागल्या.